पाकळी फुटल्यावर

सोललेली अख्खी लसणाची पाकळी नाकाशी धरली तर जवळजवळ काहीच वास येत नाही. नखाने तिच्यावर ओरखडा काढा, आणि दोन-चार सेकंदांत तो डोळ्यांत जाणारा दर्प उठतो. लसणाच्या औषधीपणाबद्दल नीट सांगण्यासारखं जे काही आहे, ते या दोन-चार सेकंदांपासून सुरू होतं. ज्या ॲलिसिन नावाच्या गंधकयुक्त रसायनासाठी लसणाला औषध म्हटलं जातं, ते अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी मोडताना ते तयार होतं आणि तयार झाल्या क्षणापासून बदलायला लागतं. त्यामुळे बाटलीवर ‘लसणाचा अर्क’ असं दिसलं की आधी विचारायला हवं, कुठला? वाफेने काढलेलं तेल, खाद्यतेलात मुरवलेला लसूण, वाळवून केलेली पूड आणि अल्कोहोलमध्ये वर्षाहून अधिक काळ ठेवलेला अर्क या चौघांतली रसायनं एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. गड्डा एकच, पण निघालेले पदार्थ चार. एकावर झालेल्या अभ्यासाचं श्रेय दुसऱ्याच्या वेष्टनावर छापलं जातं, हे मला अजिबात पटत नाही. तसं का होऊ नये, ते पाकळीच्या रचनेतच दिसतं.

प्रत्येक पाकळी ही खरं तर एक कळी असते. बाहेरचं कागदासारखं टरफल हे तिचं एक पान. आतला जाड, रसाळ भाग हे दुसरं पान, अन्न साठवायला फुगलेलं. त्याच्या पोटात मधोमध कोंब. या जाड पानातल्या साठवणुकीच्या पेशींमध्ये ॲलिइन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. त्याला वास नाही, जिवाणूंना मारण्याची ताकद नाही. पानातून जाणाऱ्या शिरांभोवती ज्या पेशींचं वेष्टन असतं, त्यांच्यातल्या पोकळ्यांत ॲलिनेज हे एन्झाइम भरलेलं असतं. शेजारच्या दोन खोल्या आणि मधे भिंत, असा हा मामला आहे. किडीने चावा घेतला, सुरी फिरली किंवा बत्ता पडला की भिंत पडते. ॲलिनेज ॲलिइनवर तुटून पडतं, त्यातून अमोनिया आणि पायरुविक आम्ल बाजूला होतं, आणि जे अतिशय अस्थिर आम्ल उरतं त्याचे दोन रेणू एकमेकांना चिकटून ॲलिसिन बनतं. लसूण या एन्झाइमच्या बाबतीत अजिबात काटकसर करत नाही. पाकळीतल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे दहावा हिस्सा एकटं ॲलिनेज असतं. म्हणूनच ही क्रिया इतकी झटपट होते. नीट चिरडलेल्या लसणात ती एका मिनिटाच्या आत जवळपास पुरी होते.

आकडे साधारण असे. ताज्या लसणात ॲलिइन वजनाच्या अर्धा ते एक टक्का, कधी थोडं जास्त. पूर्ण चिरडल्यावर एका ग्रॅमातून अडीच ते साडेचार मिलिग्रॅम ॲलिसिन मिळतं. मध्यम पाकळी 4 ग्रॅमची धरली तर एका पाकळीतून 10 ते 18 मिलिग्रॅम. ही वरची मर्यादा समजा. प्रत्यक्षात किती मिळेल, ते पाकळी किती बारीक मोडली यावर ठरतं. दोन तुकडे केले तर फक्त कापलेल्या पृष्ठभागावरच्या पेशी फुटतात आणि आतला सगळा साठा तसाच राहतो. चकत्यांपेक्षा किसणं बरं, आणि किसण्यापेक्षा खलबत्त्यात लगदा होईपर्यंत ठेचणं बरं. प्रयोगापुरता स्वच्छ पाण्यातला अर्क हवा असेल तर 10 ग्रॅम सोललेला लसूण आणि 50 मिलिलिटर गार पाणी मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवून फडक्यातून गाळावं. प्रत्येक मिलिलिटरमध्ये अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास ॲलिसिन उतरतं. पाणी कोमटाहून गरम नको. भांडं काचेचं घ्यावं, कारण प्लॅस्टिकमध्ये हा वास शिरला की निघत नाही.

‘ठेचून दहा मिनिटं ठेवा’ हा सल्ला आता सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ माहीत असलं म्हणजे तो कुठे लागू आहे ते कळतं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की लसूण 60 सेकंद मायक्रोवेव्हमध्ये किंवा 45 मिनिटं ओव्हनमध्ये तापवल्यावर त्याचा कर्करोगाविरुद्धचा अपेक्षित संरक्षक परिणाम नाहीसा झाला. तापवण्याआधी ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला, तर तो परिणाम काही अंशी टिकला. म्हणजे ही दहा मिनिटं शिजवण्यापूर्वीची आहेत. कच्चाच खायचा असेल तर वाट पाहून काही कमवत नाही, कारण ॲलिसिन मिनिटभरातच तयार झालेलं असतं. शिजवायचा असेल तर मात्र थांबणं उपयोगाचं. मोठ्या तुकड्यांत रस हळूहळू पाझरत असतो आणि ॲलिइनची भावंडं असलेली इतर गंधक संयुगं जरा सावकाश बदलतात, त्यांनाही वेळ मिळतो.

ॲलिनेजचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि आम्ल. 60 अंश सेल्सिअसच्या पुढे ते झपाट्याने निकामी होतं. सालं पटकन निघावीत म्हणून अख्खा गड्डा अर्धा-एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये फिरवण्याची युक्ती त्यामुळे महागात पडते. सालं निघतात, पण एन्झाइम मेलेलं असतं, आणि मग तो लसूण कितीही ठेचला तरी दर्प उठत नाही. आम्लाचंही तसंच. पीएच हे आंबटपणाचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. ॲलिनेजचं काम उदासीन पीएचच्या जवळपास, साडेसहा-सातला, सर्वांत जोमाने चालतं. पीएच साडेतीनच्या खाली गेला की ते कायमचं बिघडतं आणि नंतर आम्ल काढून टाकलं तरी सुधारत नाही. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये अख्ख्या पाकळ्या टाकून मग त्या चिरल्या तर ॲलिसिन अगदी थोडं मिळतं. आधी ठेचून मिनिट-दोन मिनिटं ठेवून मग आंबट घातलं, तर तयार झालेल्या ॲलिसिनला आम्लाचा फारसा त्रास नाही. उलट सौम्य आम्लात ते जरा जास्त टिकतं. क्रम तेवढा उलटा होऊ देऊ नये.

यावरून अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळण्यात काही अर्थ नाही, असा निष्कर्ष निघतो, आणि ॲलिसिनच्या बाबतीत तो बरोबर आहे. न चावलेली पाकळी पोटातल्या तीव्र आम्लात जाते आणि तिथे एन्झाइमला काम करायला संधी मिळत नाही. पण इथे हिशेब जरा गुंतागुंतीचा होतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, लसूण खाल्ल्यानंतर श्वासातून बाहेर पडणाऱ्या ॲलिल मिथाइल सल्फाइडवरून शरीरात प्रत्यक्ष किती ऐवज पोचला ते तपासलं गेलं. कच्चा ठेचलेला लसूण शंभर धरला, तर उकडलेल्यातून सुमारे 16, भाजलेल्यातून 30 आणि आम्लात बारीक केलेल्यातून 66 टक्के परिणाम दिसला. एन्झाइम मेलेलं असतानाही उत्तर शून्य आलं नाही, म्हणजे उरलेल्या ॲलिइनचा काही भाग शरीरात गेल्यावर त्याच वाटेने बदलतो. पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या महाग गोळ्यांबाबतही अपेक्षा पूर्ण खरी ठरली नाही. प्रथिनांनी भरलेल्या जेवणाबरोबर घेतल्यावर त्यांचा परिणाम बराच उतरला, कारण गोळी पोटातच रेंगाळली. साध्या, विशेष आवरण नसलेल्या गोळ्यांनी मात्र 80 टक्क्यांच्या पुढे मजल मारली. कागदावर चोख वाटणारा तर्क मोजमापापुढे असा मऊ पडतो. शिजवलेला लसूण निरुपयोगी, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे पाहायला हवेत.

आता अर्कांकडे येऊ. लसणाच्या रसायनशास्त्राचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्यात प्रत्येकाला त्याच्या पद्धतीने जे दिलं तेच सापडलं. 1844 मध्ये थिओडोर वर्टहाइमने लसूण वाफेवर ऊर्ध्वपातित केला आणि त्याला एक उग्र, गंधकयुक्त तेल मिळालं. 1892 मध्ये सेमलरने त्याच प्रकारच्या तेलाचं पृथक्करण करून मुख्य घटक डायॲलिल डायसल्फाइड असल्याचं दाखवलं. लसणाचं सार म्हणजे हे तेल, असं मानायला मग कुणाची हरकत नव्हती. 1944 मध्ये चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन हेज बेली यांनी उकळवणं टाळलं आणि सामान्य तापमानाला अल्कोहोल वापरलं. त्यांच्या हाती आलं ॲलिसिन, जिवाणूंना मारणारं आणि तापवलं की मोडणारं. त्यानंतर काही वर्षांतच स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सॅंडोझ या औषध कंपनीत आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी तापमान आणखी खाली नेलं. गोठवलेल्या लसणातून, एन्झाइमला हालचाल करू न देता, त्यांनी ॲलिइन वेगळं काढलं. 1984 मध्ये एरिक ब्लॉक, महेंद्र जैन आणि राफाएल आपिट्स-कास्त्रो यांच्या कामातून अहोइन पुढे आलं. ते ॲलिसिनपासूनच बनतं आणि रक्तातल्या बिंबाणूंना एकत्र गोळा होऊ देत नाही. उकळलं तर एक, गार ठेवलं तर दुसरं, गोठवलं तर तिसरं. चूक कुणाचीच नव्हती.

वाफेच्या तेलाची कृती आजही वर्टहाइमच्या जवळपासचीच आहे. सोललेला लसूण वजनाच्या दोन-तीन पट पाण्यात भरडायचा आणि अर्धा तास तसाच ठेवायचा. ही पायरी गाळली की उतारा घटतो, कारण अख्ख्या तुकड्यांतलं एन्झाइम वाफेने मरतं आणि तेल बनायला लागणारं ॲलिसिनच तयार होत नाही. मग तीन-चार तास वाफ. किलोभर लसणातून 2 ते 5 ग्रॅम तेल मिळतं, जास्तीची अपेक्षा नको. भांडं काचेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्यावं. तांब्याशी गंधक संयुगं झोंबतात, तांबं काळं पडतं आणि तेलातला घटकही कमी होतो. लगदा थेट ज्योतीवर ठेवला तर लसणातल्या साखरेमुळे बुडाशी करपतो आणि त्याचा जळकट वास तेलात उतरतो. त्यासाठी वाफ वेगळ्या भांड्यात करून ती लगद्यातून सोडणं चांगलं. आणि जिथे बहुतेक नवखे फसतात ती गोष्ट म्हणजे हे तेल पाण्यापेक्षा जड असतं. बहुतेक सुगंधी तेलं पाण्यावर तरंगतात, म्हणून तेल वरून काढण्याचं पात्र जोडलेलं असतं. लसणाचं तेल तळाशी बसतं. वरचा थर काढून ठेवला आणि खालचं पाणी म्हणून ओतून दिलं, तर सगळी मेहनत मोरीत जाते. या तेलात ॲलिसिन नसतं. डायॲलिल डायसल्फाइड, डायॲलिल ट्रायसल्फाइड, ॲलिल मिथाइल ट्रायसल्फाइड आणि त्यांची नातलग मंडळी असतात. ती अतिशय तीव्र असतात, म्हणून कॅप्सूलमध्ये भरताना हे तेल खाद्यतेलात पुष्कळ पातळ केलेलं असतं.

खाद्यतेलात मुरवलेला लसूण हा याहून वेगळा प्रकार, आणि सर्वांत जास्त काळजी यातच घ्यावी लागते. ठेचलेला लसूण तेलात बुडवला की ॲलिसिन तेलात उतरतं आणि तिथे फार लवकर मोडतं. पाण्यातल्या अर्कात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सामान्य तापमानाला काही दिवस लागतात, वीस टक्के अल्कोहोलमध्ये त्याहून जास्त. वनस्पती तेलात मात्र तासाभरातच ते निम्म्यावर येतं. त्याच्या जागी व्हिनाइलडायथिइन आणि अहोइन तयार होतात. अहोइन हवं असेल तर तेलात मुरवणं हा योग्य रस्ता आहे. ॲलिसिन हवं असेल तर चुकीचा.

पण रसायनापेक्षा मोठा प्रश्न जिवाणूचा आहे. लसूण जमिनीखाली वाढतो आणि त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. या जिवाणूला हवा नको असते, आंबट नको असतं, आणि पीएच 4.6 च्या वर राहिला तर तो वाढतो. तेलाखाली बुडालेला, ओलसर, आंबट नसलेला लसूण त्याला हवं तसंच घर देतो. त्याचं विष वासाने, चवीने किंवा रंगाने कळत नाही. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा रुग्ण सापडले, आणि त्यानंतर अमेरिकेत अशा उत्पादनात आम्ल घालणं सक्तीचं झालं. घरी करायचं असेल तर दोनच सुरक्षित रस्ते आहेत. पहिला, थोडं करायचं, लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चार दिवसांत संपवायचं, नाहीतर गोठवायचं. दुसरा, लसूण आधी आंबट करून घ्यायचा. त्यासाठी तुकडे 6 मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत. सायट्रिक ॲसिडचं, म्हणजे लिंबूसत्त्वाचं, 3 टक्क्यांचं द्रावण करायचं, आणि एक भाग लसणाला तीन भाग द्रावण या वजनी प्रमाणात 24 तास बुडवून ठेवायचं. 100 ग्रॅम लसणाला 300 ग्रॅम द्रावण, त्यात 9 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. मग निथळून तेलात घालायचं. अख्ख्या पाकळ्यांना हे चालत नाही, कारण इतक्या वेळात आम्ल गाभ्यापर्यंत पोचत नाही. अंदाजाने लिंबू पिळणं किंवा व्हिनेगरचा शिंतोडा देणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. याबाबतीत अंदाजाला जागाच ठेवू नये, इतकं मी आग्रहाने सांगेन.

पूड ही सर्वांत साधी दिसते आणि म्हणून सर्वांत जास्त बिघडवली जाते. चांगल्या पुडीत ॲलिसिन नसतं. ॲलिइन आणि जिवंत एन्झाइम दोन्ही कोरड्या अवस्थेत शेजारी शेजारी असतात आणि पाणी मिळालं की काम सुरू करतात. तेव्हा वाळवताना दोन्ही वाचवायचे. चकत्या करताना कापलेल्या बाजूंवर थोडं ॲलिइन खर्च होतंच. अगदी पातळ चकत्या केल्या तर कापलेली बाजू वाढते आणि नुकसानही. जाड ठेवल्या तर गाभा ओला राहून बुरशी धरते. तापमान 50 ते 60 अंश सेल्सिअस ठेवावं, त्याच्या वर गेलं की एन्झाइम जातं आणि चकत्या तपकिरी होतात. सुरुवातीलाच जोराचा ताव दिला तर बाहेरचा थर कडक होऊन आतला ओलावा कोंडतो. चकती वाकली की वाळायची आहे, कटकन मोडली की झाली. ताज्या लसणात साठ टक्क्यांच्या पुढे पाणी असतं, त्यामुळे किलोभर सोललेल्या पाकळ्यांतून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पूड मिळते. दळताना यंत्र थांबवत थांबवत चालवावं, नाहीतर पात्याच्या उष्णतेनेच नुकसान होतं. पूड हवेतला ओलावा पटकन ओढते आणि गठ्ठे धरते. गठ्ठा झालेल्या पुडीत क्रिया अर्धवट होऊन गेलेली असते, म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी हवी. पारख सोपी आहे. चमचाभर पुडीवर कोमट पाणी घालून मिनिटभर थांबा. कोरडी असताना मंद वाटणारी पूड ओली होताच उग्र झाली तर एन्झाइम शाबूत आहे. वास तसाच राहिला तर ती पूड चवीला घाला, औषध म्हणून नको. युरोपियन फार्माकोपिआत, म्हणजे औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या संहितेत, लसणाच्या पुडीतून किमान 0.45 टक्के ॲलिसिन मिळालं पाहिजे अशी अट आहे, आणि पूड विकणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा विचारायला हरकत नाही.

मुरवलेल्या अर्कात तर ॲलिसिन हेतूपूर्वक संपू दिलेलं असतं. चकत्या पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये वीसेक महिन्यांपर्यंत ठेवतात. उग्र, अस्थिर संयुगं ओसरतात आणि एस-ॲलिल सिस्टीनसारखी पाण्यात विरघळणारी, स्थिर, जवळपास बिनवासाची संयुगं वाढतात. त्याचा एक सरळ फायदा असा, की प्रत्येक खेपेला माल बऱ्यापैकी सारखा निघतो आणि एस-ॲलिल सिस्टीन मोजून प्रमाण लिहिता येतं. काळा लसूण हा त्याचा लांबचा भाऊ. अख्खे गड्डे 60 ते 90 अंशांना, 70 ते 90 टक्के आर्द्रतेत काही आठवडे ठेवतात. याला आंबवणं म्हणतात, पण काम मुख्यतः उष्णतेचं आहे. मोठे शर्करा-रेणू फुटून फ्रुक्टोज सुटतं, साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन रंग काळा होतो, एन्झाइम मरतं. आर्द्रता कमी पडली तर पाकळी चामड्यासारखी होते आणि ताव जास्त झाला तर कडू. चव सुरेख असते, मात्र ॲलिसिनसाठी तो खाऊ नये.

कच्चा माल चांगला नसेल तर यातलं काहीच साधत नाही. जमिनीत गंधक कमी असेल तर ॲलिइन कमी, हे सरळ आहे. साठवणीचं गणित मात्र बरेच जण चुकवतात. लसूण एकतर शून्य अंशाजवळ, 60 ते 70 टक्के आर्द्रतेत अनेक महिने टिकतो, नाहीतर कोरड्या, हवेशीर जागी सामान्य तापमानाला महिना-दोन महिने. मधलं, म्हणजे साध्या फ्रिजचं 5 ते 10 अंश तापमान सर्वांत वाईट, कारण तिथेच कोंब सर्वांत लवकर फुटतो. कोंब विषारी नाही, पण तो साठा खात असतो. थंडीत ठेवलेला लसूण नंतर आम्लात घातला की हिरवा-निळा होतो, त्याने लोक घाबरतात. थंडीत ॲलिइनचं एक भावंड, आयसोॲलिइन, वाढलेलं असतं. त्याच्यापासून बनलेली संयुगं अमिनो आम्लांशी जुळून हे रंगद्रव्य तयार करतात. ते खाण्यास निर्धोक आहे. रंग नको असेल तर वापरण्याआधी लसूण काही आठवडे 20 ते 25 अंशांना ठेवावा.

शरीरात गेल्यावर काय होतं? ॲलिसिन प्रथिनांतल्या गंधक-हायड्रोजन गटांना जाऊन चिकटतं. जिवाणूंची एन्झाइमं त्यामुळेच बंद पडतात. पण आपल्या पेशींतही हे गट भरपूर आहेत, म्हणून रक्तात ॲलिसिन ॲलिसिन म्हणून सापडतच नाही. काही मिनिटांत त्याचं ॲलिल मरकॅप्टन आणि पुढे ॲलिल मिथाइल सल्फाइड होतं. हे दुसरं रक्तातून फुप्फुसांत येतं आणि श्वासावाटे तासन्‌तास निघत राहतं. दात घासून, चूळ भरून तो वास जात नाही याचं कारण हेच, की तो तोंडातला नसतोच. लसणाबरोबरच दूध, सफरचंद किंवा पुदिना खाल्ला तर तो कमी होतो. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या जिवाणूंवर ताजा रस टाकला की स्वच्छ वर्तुळ दिसतं, आणि तेवढ्यावरून लसूण म्हणजे पोटात घ्यायचं नैसर्गिक प्रतिजैविक, असं सर्रास लिहिलं जातं. रक्तात न पोचणारा पदार्थ फुप्फुसातल्या किंवा मूत्रमार्गातल्या संसर्गावर बशीतल्यासारखा चालेल हे गृहीत धरता येत नाही. अशा आजारात डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून लसणावर विसंबणं धोक्याचं आहे.

कोलेस्टेरॉलच्या दाव्याचं काय? 2007 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 192 प्रौढांवर सहा महिने चाचणी घेतली. कच्चा लसूण, पुडीच्या गोळ्या आणि मुरवलेला अर्क असे तीन प्रकार वेगवेगळ्या गटांना दिले, आणि वापरलेल्या मालाची रासायनिक तपासणीही केली. ती झाली नसती तर ‘माल चांगला नव्हता’ म्हणून निकाल बाजूला सारता आला असता. ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, एलडीएल, एकाही प्रकाराने लक्षणीय घटलं नाही. ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे त्यांच्यात तो थोडा उतरल्याचं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसतं. तिथे काही तथ्य आहे असं मला वाटतं, पण रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्याइतकं नव्हे.

त्रास करण्याची ताकद मात्र पक्की आहे. ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवला तर काही तासांत भाजल्यासारखे फोड येतात. लहान मुलांच्या नाजूक त्वचेवर तर तो बांधूच नये. तेलाने किंवा फडक्याने मधे आड केलं तरी भरवसा नाही, कारण ही संयुगं तेलात विरघळतात आणि पातळ पडद्यांतून सहज पार होतात. कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी या संयुगांनी फुटतात, म्हणून त्यांना थोडाही लसूण ‘औषध’ म्हणून देऊ नये. माणसांत बिंबाणूंवर होणाऱ्या परिणामामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. जेवणातल्या चार पाकळ्यांनी सहसा काही होत नाही, पण गोळ्या, कॅप्सूल किंवा रोज भरपूर कच्चा लसूण घेणाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी किमान सात दिवस ते थांबवावं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. वॉर्फरिन किंवा ॲस्पिरिन अशी रक्त गोठणं कमी करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एचआयव्हीवरच्या सॅक्विनाविर या औषधाबरोबर लसणाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं, हे निरोगी स्वयंसेवकांवर मोजलेलं आहे. डॉक्टरांना सांगताना नुसतं ‘लसूण घेतो’ म्हणून भागत नाही. पूड, वाफेचं तेल, तेलात मुरवलेला की जुना अर्क, रोज किती मिलिग्रॅम आणि किती दिवसांपासून, एवढं सांगावं. शक्य असेल तर बाटलीच सोबत न्यावी.